वाचकांचे प्रश्न : शिकागोच्या स्वीडिश आज्ज्या आणि किचनच्या दारावरची यादी

मागच्या अंकात मी शिकागोच्या अँडरसनव्हिल भागातल्या स्वीडिश बायकांच्या क्लबबद्दल लिहिलं होतं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्वीडनहून इथे आलेल्या लोकांच्या नाती-पणत्या, बहुतेकींचं वय सत्तरीच्या पुढे, महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरातल्या किचनमध्ये जमतात, कॉफी उकळते, बेकिंग होतं, गाणी बसवली जातात आणि डिसेंबरात लुसियाचा, म्हणजे डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून येणाऱ्या मुलीचा सण होतो. माझ्या शेजारच्या आजी मला पहिल्यांदा घेऊन गेल्या ते भांडी पुसायला दोन हात कमी पडत होते म्हणून, आणि आता अकरा वर्षं झाली मी जातेच आहे. त्या किचनच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो, पुढच्या वेळी कोण काय आणणार आणि कोण काय करणार त्याची यादी, तिच्याबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या पण सगळ्यात जास्त पत्रं त्या यादीवरच आली. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, थोडी निवडली आहेत.

सातारचे एक निवृत्त शिक्षक लिहितात : स्वीडन म्हटलं की श्रीमंत देश डोळ्यासमोर येतो, मग तिथले लोक घरदार सोडून अमेरिकेला कशाला गेले?

सर, तेव्हाचा स्वीडन श्रीमंत नव्हता. दक्षिणेत स्मोलांड म्हणून प्रांत आहे, तिथे शेतात मातीपेक्षा दगड जास्त, लोकांनी ते दगड वेचून वेचून बांधावर रचले आणि त्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. जमिनीचे तुकडे भावाभावांत वाटून इतके लहान झाले की एका घराचं पोट भरेना, त्यात १८६७ ते १८६९ लागोपाठ वाईट वर्षं आली, आधी थंडीनं पीक गेलं मग कोरड्या दुष्काळानं गेलं. त्याच सुमाराला इकडे अमेरिकेत १८६२ चा होमस्टेड कायदा झालेला होता, पाच वर्षं राहून जमीन कसलीत की १६० एकर तुमची. मग काय, आधी एक भाऊ गेला, त्याचं पत्र आलं, पत्रात तिकिटाचे पैसे आले, दुसरा निघाला. कोकणातून एकेक जण मुंबईला गिरणीत जायचा आणि मागून वाडीच्या वाडी यायची तसंच. १८५० ते १९३० ह्या काळात साधारण १३ लाख माणसं गेली, आणि १९०० साली अख्ख्या स्वीडनची लोकसंख्या होती ५१ लाखांच्या आसपास, म्हणजे बघा. त्या वेळी स्टॉकहोम सोडलं तर सगळ्यात जास्त स्वीडिश माणसं शिकागोत होती असं सांगतात. बरेच जण परतही गेले, ते विसरायला नको.

नाशिकहून एक ताई विचारतात : पुरुषांचेही क्लब असतीलच ना? मग तुम्ही सगळं श्रेय बायकांनाच का देता?

ताई, पुरुषांचे क्लब होते आणि चांगले मोठे होते. वासा ऑर्डर नावाची संस्था १८९६ ला कनेटिकटमधल्या न्यू हेवनला सुरू झाली, आजारपणात, मयतीला सभासदाच्या घरच्यांना पैसे मिळावेत म्हणून, अजूनही आहे ती. गायनाचे क्लब होते, पेपर होते. मिनियापोलिसला स्वान टर्नब्लाड म्हणून स्वीडिश पेपरचे मालक होते, लहानपणी स्मोलांडहून आलेले, त्यांनी ३३ खोल्यांचा वाडा बांधला आणि १९२९ साली तो आख्खा वाडा स्वीडिश संस्कृतीसाठी देऊन टाकला, आज तिथे म्युझियम आहे, कधी मिनियापोलिसला गेलात तर आतल्या चिनी मातीच्या फरशा लावलेल्या उंच शेगड्या नक्की बघा, ११ आहेत. तर श्रेय कुणाचं काढून घ्यायचं नाहीये मला. पण तुमच्या प्रश्नामुळे मला जे मागच्या लेखात लिहायचं राहून गेलं ते लिहिता येतंय म्हणून हे उत्तर जरा मोठं होणार.

आलेल्या लोकांत एकट्या तरुण मुली खूप होत्या. त्या शिकागोतल्या पैसेवाल्या अमेरिकन घरांमध्ये राहून काम करायच्या, स्वयंपाक, धुणं, मुलं सांभाळणं. गावाकडे हेच काम पहाटेपासून रात्रीपर्यंत आणि वर गोठा, शिवाय पगार नावाला, इथे पगार बरा आणि आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी, बहुतेक घरांत ती गुरुवारी दुपारी असायची. परक्या घरात राहिल्यामुळे इंग्लिश त्या पटकन शिकल्या, कारखान्यात स्वीडिश मुकादमाखाली काम करणाऱ्या त्यांच्या भावांपेक्षा लवकर. आणि ज्या अर्ध्या दिवशी सुट्टी त्या दिवशी आपल्या भाषेत बोलायला कुठेतरी जमायचं, तर ती जागा म्हणजे चर्च.

चर्चमध्ये बायकांची स्यूफोरेनिंग असायची, म्हणजे शिवणमंडळ म्हणूया. ही पद्धत स्वीडनमधूनच आली. एकीच्या घरी जमायचं, एकजण मोठ्यानं काहीतरी वाचणार, बाकीच्या मोजे विणणार, चादरी शिवणार, कॉफी होणार, आणि वर्षातून एकदा ते सगळं लिलावात विकायचं. तो पैसा कुठे जायचा? चर्चचं छप्पर, ऑर्गन, अनाथ मुलं, कॉलेज. चर्चच्या कारभारात बायकांना मत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट आहे. छपराचा निर्णय पुरुष घ्यायचे आणि छपराचा पैसा मोज्यांतून यायचा.

ह्यातूनच एमी एव्हाल्ड उभ्या राहिल्या. शिकागोच्या पाद्र्याची मुलगी, पाद्र्याचीच बायको. १८९२ ला कॅन्ससमधल्या लिंड्सबोर्ग गावात स्वीडिश लुथरन चर्चची सभा होती, तिथे पन्नासेक बायका जमवून त्यांनी बायकांची स्वतःची मिशनरी सोसायटी काढली आणि १९३५ पर्यंत म्हणजे ४३ वर्षं तिच्या अध्यक्ष राहिल्या. बायकांच्या मताच्या हक्कासाठीही त्या भाषणं करायच्या. त्यांच्या सोसायटीचा पैसा आपल्याकडे आंध्रात राजमहेंद्रीला बायका-मुलांचं जे मिशन हॉस्पिटल होतं तिथपर्यंत गेला. मिशनऱ्यांच्या कामाबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात, माझीही सगळी अनुकूल नाहीत, पण मोजे आणि चादरी विकून दुसऱ्या खंडात हॉस्पिटलला हात लावणाऱ्या बायकांना संघटना म्हणजे काय हे पुरेपूर कळत होतं एवढं मी ठामपणे म्हणेन.

म्हणून म्हणते, पुरुषांच्या संस्थांकडे इमारती होत्या, बायकांकडे दर महिन्याचं काम होतं. इमारत असली तरी सण होतोच असं नाही. सण व्हायला आदल्या रात्री कुणीतरी पीठ भिजवावं लागतं.

पिंपरीहून एक वाचक : मी एका स्वीडिश कंपनीत नोकरी करते, आमच्याकडे डिसेंबरात लुसिया साजरा करतात. तुमच्या लेखातला लुसिया आणि आमच्या स्वीडिश साहेबांनी सांगितलेला लुसिया ह्यात फरक वाटला. अस्सल कुठला?

अगं, पुण्याच्या बाजूला इतक्या स्वीडिश कंपन्या आहेत, चिंचवड-दापोडीला तर किती वर्षांपासून, की हा प्रश्न कधीतरी येणार होताच. आधी बाकीच्यांसाठी सांगते. १३ डिसेंबरच्या पहाटे अंधारात एक मुलगी पांढरा झगा, कमरेला लाल फीत आणि डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घालून येते, मागे बाकीच्या मुली, टोकदार टोप्या घातलेली मुलं, सगळे गात येतात, आणि मग केशराचे पाव आणि कॉफी. जुन्या कॅलेंडरप्रमाणे ती वर्षातली सगळ्यात मोठी रात्र समजायचे.

आता गंमत बघ. संत लुसिया ही सिसिलीची, इटलीतली. गाण्याची चाल नेपल्सची. स्वीडनमध्ये पश्चिमेकडच्या मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवर अठराव्या शतकापासून ही प्रथा दिसते, पण गरीब शेतकऱ्याच्या घरी असा मुकुट-बिकुट असायचाच असं नाही. देशभर ती पसरली १९२७ नंतर, स्टॉकहोमच्या एका पेपरनं लुसियाची मिरवणूक काढली तेव्हापासून. आणि आपण वर बघितलं की लोक तर स्मोलांडमधून १८६०-७०-८० ला निघाले! म्हणजे ज्या आज्ज्या मला सांगतात की ‘हे आमच्या पणजीनं आणलं’, त्यातल्या कितीतरी पणज्यांनी गावाकडे असा लुसिया बघितलाही नसेल. तो इथे मागाहून आला, चर्चमधून, मासिकांतून, स्वीडनला जाऊन आलेल्यांकडून.

हे मला कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं, मी शेजारच्या आजींना सांगितलं पण. त्या मुकुटाला मेण लागलेलं खरवडत होत्या. म्हणाल्या, मी सात वर्षांची असताना हा मुकुट घातला, माझ्या मुलीनं घातला, नातीनं घातला, आता ह्याच्याहून जुनं आणखी काय पाहिजे तुला. मला ते पटलं. आपल्याकडेही सार्वजनिक गणपतीला सव्वाशे-दीडशे वर्षंच झाली आहेत, म्हणून तो खोटा ठरतो का?

उकळत्या पाण्यात अंडं घातलेली कॉफीही अशीच. इथल्या मध्य-पश्चिमेतल्या चर्चांच्या तळघरांत तिला स्वीडिश कॉफी म्हणतात, आणि आज स्वीडनहून आलेल्या बाईला दाखवली तर ती बघतच राहते, तिच्या घरी कुणी करत नाही. आणि तो लाल रंगाचा लाकडी डाला घोडा, जो प्रत्येक स्वीडिश-अमेरिकन घराच्या खिडकीत असतो, तो मूळ मोरा गावाच्या आसपासच्या लाकूडतोड्यांनी मुलांसाठी कोरलेला खरा, पण जगात त्याचं नाव झालं ते १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडननं भला मोठा घोडा उभा केला त्यानंतर.

तर तुझे साहेब सांगतात तो आजच्या स्वीडनचा लुसिया आहे, आणि इथला हा शिकागोचा लुसिया आहे. दोन्ही खरे. मला स्वतःला इथला जास्त आवडतो कारण त्यात सूर थोडे चुकतात आणि कुणाला काही वाटत नाही.

अनेकांनी विचारलं : केशराच्या पावाची रेसिपी द्या. अंड्याशिवाय होतो का?

होतो, अंडं फक्त वरून लावायला लागतं, त्याच्याऐवजी दूध लावा. ह्याला लुसेकात्तेर म्हणतात. अर्धा ग्रॅम केशर चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात बारीक करा, केशर असंच टाकलं तर रंग कमी येतो. १०० ग्रॅम लोणी पातळ करून त्यात पाव लिटर दूध घाला, बोट घातलं तर कोमट लागेल इतपतच गरम, त्यात केशर, ८५-९० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, आणि मग मैदा बसेल तसा घालत मळा, ४५० ग्रॅमच्या आसपास लागतो, पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल नको पण पोळीच्या कणकेइतकं घट्टही नको. दहा मिनिटं चांगलं मळा, हात राखून मळलंत तर पाव दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होतो. झाकून दुप्पट होऊ द्या, पुण्या-मुंबईच्या हवेत तासाभरात होईल. मग बोटाएवढ्या जाड वळ्या करून दोन्ही टोकं उलट्या दिशांना आत गुंडाळा, दोन्ही गुंडाळ्यांच्या मध्ये एकेक मनुका घट्ट दाबून बसवा, पुन्हा अर्धा तास ठेवा, वरून दूध लावून २२० डिग्रीवर ८ ते १० मिनिटं. पंधरा-सोळा होतात. त्याच दिवशी खा, उरले तर डब्यात घालून फ्रीजरला, बाहेर ठेवले तर दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात, केशरानं पाव कोरडा होतो असं आज्ज्या म्हणतात.

वेलदोडा ह्यात घालत नाहीत, तो त्यांच्या रोजच्या कॉफीबरोबरच्या पावात असतो. हो, स्वीडिश लोक वेलदोड्याशिवाय राहू शकत नाहीत, पहिल्यांदा त्या किचनमध्ये शिरले तेव्हा वास आला तो थेट आमच्या देवघराशेजारच्या फडताळाचा, मी दारातच थांबले होते.

न्यू जर्सीहून एक आई लिहितात (पत्र मोठं आहे, थोडक्यात देते) : आमची दोन्ही मुलं मराठी समजतात पण उत्तर इंग्लिशमध्ये देतात. तुम्ही लिहिलंत की क्लबातल्या बहुतेक आज्ज्यांना स्वीडिश येत नाही तरी संस्कृती टिकली. हे वाचून मला धीर आला. म्हणजे भाषा गेली तरी चालेल, असं समजू का?

ताई, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुम्हाला धीर मिळाला तो काढून घ्यावासा वाटत नाही पण खोटं सांगून ठेवावासाही वाटत नाही. नाही, चालेल असं मी म्हणणार नाही.

त्यांची भाषा कशी गेली ते ऐका. पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत परक्या भाषेबद्दल संशय वाढला, रोख जर्मनांवर होता पण भरडले सगळेच गेले. आयोवा राज्याच्या गव्हर्नरनी २३ मे १९१८ ला हुकूम काढला की शाळेत, रेल्वेत, रस्त्यात, चर्चमधल्या प्रार्थनेत, एवढंच काय टेलिफोनवर सुद्धा फक्त इंग्लिश बोलायचं. आयोवात स्वीडिश शेतकऱ्यांची गावंच्या गावं होती, म्हाताऱ्यांना इंग्लिश प्रवचन कळायचं नाही. मग १९२४ च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्यांचा कोटा आवळला, नवी माणसं यायची जवळजवळ बंद झाली, म्हणजे घरात ताजी भाषा घेऊन येणारी मामी-काकूच बंद झाली. आणि मुलं शाळेतून इंग्लिश घेऊन येत होतीच. चर्चांनी आधी महिन्यातून एक प्रार्थना इंग्लिशमध्ये केली, मग दोन, मग उलट झालं.

आमच्या ह्या क्लबच्या कपाटात सभेच्या जुन्या वह्या आहेत. मी एकदा भांडी आवरून झाल्यावर चाळत बसले होते. स्वीडिश मला वाचता येत नाही पण तारखा आणि आकडे कळतात, इतक्या कॉफीचे इतके, इतके मोजे विकले. पानामागून पान. आणि मग तीसच्या दशकात कुठेतरी एका पानावर तारीख टाकून इंग्लिशमध्ये सुरू. हस्ताक्षर तेच आहे ताई, तीच वळणदार अक्षरं, तोच खाली रेघ मारायचा शिरस्ता. त्याच बाईनं एका महिन्यात स्वीडिशमध्ये लिहिलं आणि पुढच्या महिन्यात इंग्लिशमध्ये. कुठे ठराव नाही, कुणी विरोध केला असं नाही, काहीच नोंद नाही. आज त्या बाईच्या नाती-पणत्या त्या पानाच्या आधीचं काहीही वाचू शकत नाहीत. त्यांच्याच आजीचं लिहिलेलं. मी एक-दोघींना विचारलं की काय लिहिलंय, तर त्या म्हणाल्या कुणाला तरी विचारायला पाहिजे एकदा, आणि वही परत कपाटात गेली.

जे राहिलं ते पण खरंच आहे, मी कमी लेखत नाही. जेवणाआधीची स्वीडिश प्रार्थना त्यातल्या सगळ्यांना पाठ आहे, एकेका शब्दाचा अर्थ माहीत नाही पण म्हणतात, डोळे मिटून, आपल्याकडे मुलं जेवणाआधी श्लोक म्हणतात तसं. आणि ‘आजी’ला शब्द त्यांच्याच पद्धतीचा, आईच्या आईला मोरमोर, वडिलांच्या आईला फारमोर, हे इंग्लिश बोलणाऱ्या पाचव्या पिढीतही टिकलंय. म्हणजे घरातल्या माणसाला हाक मारायचे शब्द सगळ्यात शेवटी जातात.

पण सगळ्याच बायकांनी हे मान्य केलं नाही, दुसरीही वाट आहे. १९७९ ला लॉस एंजेलिसमध्ये आग्नेटा निल्सन नावाच्या बाईंनी एक संघटना सुरू केली, तिचं नाव एसडब्ल्यूईए म्हणजे स्वेया. ती वेगळ्या काळातल्या बायकांची, नवऱ्याच्या नोकरीमुळे किंवा स्वतःच्या नोकरीमुळे, लग्नामुळे स्वीडनबाहेर गेलेल्या. तिथे सभासद व्हायला स्वीडिश बोलता आलंच पाहिजे. आज अनेक देशांत तिच्या शाखा आहेत, नाताळाचे बाजार भरवतात, स्वीडिश भाषेच्या अभ्यासाला स्कॉलरशिप देतात. आमच्या क्लबातल्या काही आज्ज्यांना हा नियम कडक वाटतो, त्यांना तिथे प्रवेश मिळणार नाही म्हणून थोडं लागतंही. पण मला त्या नियमाचं म्हणणं कळतं. भाषेची अट काढली की भाषा सगळ्यात आधी जाते, कारण तीच सगळ्यात कष्टाची आहे. आणि मिनेसोटात बेमिजीजवळ मुलांचं उन्हाळी शिबिर असतं, स्वीडिशचं, तिथे गेल्यापासून दुकानात बिस्किट घेण्यापर्यंत सगळं स्वीडिशमध्ये, त्यात स्वीडिश वंशाची नसलेली मुलंही जातात.

तुमच्यासाठी मी एवढंच म्हणेन, मुलं इंग्लिशमध्ये उत्तर देतात तरी तुम्ही मराठीत बोलणं थांबवू नका, समजणं ही अर्धी भाषा आहे आणि ती अर्धी त्यांच्याकडे आहे. न्यू जर्सीत मराठी शाळा आहेत, तुम्हाला माहीत असणारच. आणि शक्य असेल तर मुलांना मराठी वाचायला शिकवा, बोलणं जरा कमी आलं तरी. मी हे त्या वहीमुळे म्हणते आहे. तुमची डायरी, तुमच्या आईची पत्रं, कुणीतरी कधीतरी कपाटातून काढेल तेव्हा त्याला ती लागली पाहिजेत.

इंदूरहून एका महिला मंडळाच्या सेक्रेटरी : आमच्या मंडळात सगळ्याच साठीच्या पुढे. सुना-मुली येत नाहीत. त्या स्वीडिश बायकांनी काय केलं?

त्यांनाही हीच काळजी आहे, सुटली आहे असं नाही. दोन वर्षं तर असं वाटलं होतं की आता बंद. क्लार्क स्ट्रीटवर जुनी मोठी स्वीडिश बेकरी होती ती २०१७ ला बंद झाली, तेव्हा आमच्याकडे एकदम लक्षात आलं की पाव विकत आणायची सोय संपली, आता येतं ते करणाऱ्या चौघीच आहेत आणि त्यातल्या एकीच्या मनगटाचं ऑपरेशन झालंय. त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या, मी बघितल्या म्हणून सांगते.

सभेची वेळ दुपारची होती ती शनिवारी सकाळची झाली. ह्यावर फार वाद झाला, कारण दुपारची वेळ गेली पन्नास वर्षं होती, पण दुपारी नोकरी करणारी मुलगी येणार कशी? दुसरं, स्वीडिश वंशाचीच बाई पाहिजे हा आग्रह सोडला. मी तर आधीपासून भांडी पुसत होतेच, पण आता माझ्यासारख्या आणखी आहेत, एक मेक्सिकन, एक जपानी सून. आणि तिसरं म्हणजे ती दारावरची यादी. आधी यादीत फक्त मोठी कामं असायची, ‘बेकिंग – अमुक’, आणि अमुकच वीस वर्षं. आता तेच काम तुकडे करून लिहितात : मनुका भिजवणे, ट्रे पुसणे, मेणबत्त्या मोजणे, कॉफीसाठी पाणी लावणे. नव्या मुलीला कुणी ‘ये ना’ म्हणत नाहीत, ‘मनुका तुझ्याकडे’ म्हणतात. ती मनुका घेऊन येते, मग शेजारी उभी राहून पाव वळताना बघते, पुढच्या वर्षी वळते. आणि प्रत्येक मोठ्या कामापुढे दोन नावं असलीच पाहिजेत, एक ते काम येत असलेलीचं आणि एक शिकणारीचं, हा नियम शेजारच्या आजींनीच केला. मनगट त्यांचंच होतं.

तुमच्याकडे हळदीकुंकू असेल, गौरी असतील, भोंडला असेल. सुनेला कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवू नका, खिरापतीचा डबा तिच्याकडे द्या. आणि तिनं विकत आणली तर पहिल्या वर्षी एक शब्द बोलू नका, ही मात्र माझी कळकळीची विनंती.

ठाण्याहून : स्वीडिश बायकांचा पारंपरिक पोशाख कसा असतो, आपल्या नऊवारीसारखा काही?

गावागावाचा वेगळा असतो, पट्ट्यांचा रंग, अ‍ॅप्रन, टोपी ह्यावरून कुठली बाई ते ओळखू यायचं. निळा-पिवळा जो सगळीकडे दिसतो तो राष्ट्रीय पोशाख १९०२-०३ च्या सुमाराला मार्टा यॉर्गेनसन नावाच्या बाईंनी तयार केला, तेव्हा फारसा चालला नाही, १९८३ ला राणी सिल्व्हियानं राष्ट्रीय दिनाला घातला तेव्हापासून अधिकृत झाला. आमच्या क्लबात चौघींकडे आजीच्या गावचे खरे जुने पोशाख आहेत, बाकीच्या निळा-पिवळा घालतात, त्याचं कापड धुवायला सोपं आहे.

डोंबिवलीची एक कॉलेजची मुलगी : मी डिसेंबरात शिकागोला मावशीकडे येतेय. लुसिया बघता येईल का? बाहेरच्यांना चालतं का?

चालतं, ये. १३ डिसेंबरला संध्याकाळी क्लार्क स्ट्रीटवर स्वीडिश अमेरिकन म्युझियमपाशी ये, तिथून मुलींची मिरवणूक निघते आणि मग फॉस्टर अव्हेन्यूच्या एबेनेझर चर्चमध्ये गाणी होतात. वेळ आधी फोन करून विचारून घे. म्युझियमही बघ, १९७६ चं आहे, वर मुलांसाठी एक मजला आहे तिथे जुन्या बोटीत शिरता येतं. लोकरीचे दोन मोजे एकावर एक घाल, रस्त्यावर उभं राहून पाय गार पडतात. आणि आमच्या किचनमध्ये यायचं असेल तर आदल्या दिवशी सकाळी नऊला ये, मावशीलाही आण. दारावर कागद असेल, ह्या वर्षी मनुकांच्या पुढे अजून कुणाचं नाव नाही.